न्यूट्रिनोचं वजन

आज अख्खी दुपार कॅट्रिनबद्दल वाचण्यात गेली आणि अजून डोक्यातून जात नाहीये. जर्मनीत कार्ल्सरुहला हा प्रयोग आहे, न्यूट्रिनो या जवळपास कशालाच न अडणाऱ्या अतिसूक्ष्म कणाचं वस्तुमान मोजायचा. न्यूट्रिनो पकडतच नाहीत! ट्रिटियमचा (किरणोत्सारी हायड्रोजनचा) बीटा ऱ्हास होतो, म्हणजे अणुकेंद्रातून एक इलेक्ट्रॉन आणि एक अँटीन्यूट्रिनो (न्यूट्रिनोचा तेवढ्याच वस्तुमानाचा प्रतिकण) बाहेर पडतो, तेव्हा ते दोघं मिळून साधारण 18.6 हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांच्या ऊर्जेचं एकक) ऊर्जा वाटून घेतात, मग सगळ्यात जास्त ऊर्जेचे जे मोजके इलेक्ट्रॉन असतात त्यांच्याकडे बघायचं, न्यूट्रिनोला वस्तुमान असेल तर तेवढी ऊर्जा त्यांना कमी पडणार, आलेखाचं टोक किंचित वाकणार. बस, तेवढंच शोधायचं. किती सुंदर कल्पना आहे यार!

आणि त्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजायला 200 टनांची स्टीलची टाकी, 10 मीटर रुंद. 2006 मध्ये बव्हेरियातून निघाली, रस्त्याने मावेना म्हणून डॅन्यूब नदी, काळा समुद्र, भूमध्य समुद्र, अटलांटिक, ऱ्हाइन असा वळसा घालून आली, शेवटी गावातल्या घरांना घासेल की काय अशी गल्लीतून नेली. ते फोटो बघाच.

2025 मध्ये आलेलं उत्तर: 0.45 इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा कमी (कणांचं वस्तुमानही ऊर्जेच्याच एककात सांगतात), म्हणजे न्यूट्रिनो इलेक्ट्रॉनच्या दहा लाखाव्या भागाहूनही हलका. नेमकं किती ते अजून कळायचंय, आणि मला ते खरंच जाणून घ्यायचंय.