‘मी ओढत नाही, मॅडम’

प्रश्नावलीच्या माहितीच्या भागात त्या विद्यार्थ्याचं एकही उत्तर चुकलेलं नव्हतं. पाकिटावरचा इशारा किती टक्के जागेवर असतो? ८५. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला दंड किती? २०० रुपयांपर्यंत. पुढे ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नासमोर ‘नाही’वर खूण. आणि माझ्या हातातल्या, श्वास तपासायच्या मीटरवर आकडा होता १४.

मी एका दंत महाविद्यालयाच्या तंबाखूमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. त्या दिवशी पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिबिर होतं. आमची सगळी तयारी तोंडाची असते. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के निघाले, धूर न काढता तंबाखू खाणारे २४.४. त्यामुळे हात आधी तोंड तपासायच्या छोट्या आरशाकडे जातो, गालाच्या आतला पांढरा चट्टा शोधायला. मीटर बरेचदा पिशवीतच राहतो. त्याच्या पुठ्ठ्याच्या नळ्या संपल्या की मागणीपत्र महिनोन्‌महिने टेबलांवरून फिरतं, याचा मला खरंच संताप येतो.

कारण हे यंत्र फार गुणी आहे. पूर्ण श्वास घ्यायचा आणि १५ सेकंद रोखायचा. तेवढ्यात सिगारेटच्या धुरातून रक्तात गेलेला कार्बन मोनॉक्साइड वायू फुप्फुसातल्या हवेत उतरतो, मीटर तोच मोजतो. मग नळीतून सावकाश, अगदी तळापर्यंत हवा सोडायची. मुलं श्वास न रोखताच फू करून मोकळी होतात, मग आकडा कमी येतो. हा मात्र नीट फुंकत होता. पडद्यावर ४, ९, १२ असं चढत गेलं. १० च्या वर गेलं की ओढणारा, असं आम्ही धरतो.

‘मशीन बिघडलंय का?’ त्यानं विचारलं. मी नळी बदलून स्वतः फुंकलं. १ आला. त्याला पुन्हा फुंकायला लावलं, तर परत १४.

‘मी ओढत नाही, मॅडम. म्हणजे मित्रांबरोबर असलो तरच. पाकीट आजवर एकदाही घेतलेलं नाही.’

तो खोटं बोलत नव्हता. कालचा दिवस आठव म्हटल्यावर तो अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायला लागला. सकाळच्या चहाबरोबर एक. प्रॅक्टिकलनंतर एक, पण ती तिघांत. सबमिशनच्या रांगेतून बाहेर आल्यावर. जेवणानंतर. रात्री होस्टेलच्या गच्चीवर... तिथे तो थांबला, पुन्हा पहिल्या पेरापासून मोजलं. आठ. आकडा त्याच्या तोंडून निघाला आणि त्याचेच कान लाल झाले.

आमच्या फॉर्मवरचा प्रश्न आहे, ‘दिवसाला किती पाकिटं?’ ज्या टपरीवर सगळी मुलं सुटी सिगारेट घेतात, तिथे हा प्रश्न काय कामाचा? सुट्या विक्रीला राज्यात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, ती यासाठीच की सुटी घेणाऱ्याला पाकिटावरचा इशारा दिसत नाही. त्याला ८५ हा आकडा पाठ होता. त्या इशाऱ्यात चित्र कशाचं आहे, हे मात्र सांगता आलं नाही. २००३च्या कायद्यानं शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांत तंबाखू विकता येत नाही, तसा फलक गेटवर रंगवलेलाही आहे. टपरी गेटपासून चाळीस पावलांवर आहे, मी मोजली. संयोजक सरांना सांगितलं, तर ते आधी फोटो काढून घेऊ म्हणाले, अहवालाला लागतात.

मी त्याला १८००-११-२३५६ हा सोडण्यासाठीच्या मोफत मदतीचा नंबर लिहून दिला आणि गुरुवारी केंद्रात ये म्हटलं. त्यानं विचारलं, ‘फॉर्म बदलू का?’ मी पेन दिलं. पेन बराच वेळ ‘हो’च्या चौकटीवर धरून ठेवलं त्यानं. शेवटी दोन्ही चौकटी तशाच सोडून बाजूला फक्त ‘८’ लिहिलं.

संध्याकाळी नोंदी भरणाऱ्या मुलीनं विचारलं, ‘मॅडम, हा हो धरू की नाही?’ मीटर सांगतो हो. पण मुलानं स्वतः तसं अजून म्हटलेलं नाही. तो फॉर्म मी गठ्ठ्यातून काढून माझ्याकडे ठेवलाय. गुरुवारपर्यंत.