सहाव्या फेरीतली चिठ्ठी

सातवीच्या मुलांना वणवा मी दोन वर्षं फळ्यावरच शिकवला. इंधन, उष्णता, ऑक्सिजन हा त्रिकोण त्यांना पाठ व्हायचा आणि परीक्षा झाली की पुसला जायचा. यंदा मात्र बाकं भिंतीकडे सरकवली, फरशीवर खडूने 10 बाय 10 चौकोन आखले आणि त्यात गवत, झाडी, टेकडी, रस्ता, घरं मांडली.

नियम सोपे ठेवले. वाऱ्याची दिशा फाशावर ठरणार. आग सपाटीवर एक चौकोन पुढे सरकणार आणि चढावर दोन, कारण चढ 10 अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. सहा पडले तर ठिणगी उडून थेट तीन चौकोन पलीकडे. हा नियम मुलांना अन्यायाचा वाटला. पण कितीतरी घरं ज्वाळा भिडण्याआधीच पेटतात. वाऱ्यावर आलेला निखारा पन्हाळीतल्या वाळक्या पानांत पडला तरी पुरतो.

प्रत्येकाला चिठ्ठीतून एकेक भूमिका मिळाली. एका मुलाच्या चिठ्ठीत होतं: ‘वय 80, एकटे, चालता येत नाही, फोन नाही. कोणी विचारायला आलं तरच बोलायचं.’

पहिल्या डावात सगळे जाळरेषेवर, म्हणजे आग अडवायला गवत कापून मोकळ्या केलेल्या पट्ट्यावर, तुटून पडले. गवत कापा, इकडे या, तिकडे पळा! तिसऱ्या फेरीत सहा पडले आणि आग जाळरेषा ओलांडून गेली. मग रस्त्याच्या चौकोनात एकाच वेळी आठ जण अडकले. या गोंधळात तो मुलगा चिठ्ठी हातात धरून गप्प बसून होता. सहाव्या फेरीत लाल कागद त्याच्या घरावर ठेवायला मी वाकले आणि वर्ग एकदम शांत झाला.

‘‘अरे, तू बोलला का नाहीस?’’

‘‘कोणी विचारलंच नाही.’’

तेव्हा मी त्यांना कॅलिफोर्नियातल्या पॅरडाइज गावाबद्दल सांगितलं. 8 नोव्हेंबर 2018 च्या त्या आगीत 85 माणसं गेली, त्यांत वृद्ध खूप होते. विभागवार बाहेर पडण्याची योजना गावाने आधीच केलेली होती, तरी रस्ते तुंबले. हे सांगताना माझाही आवाज जड झाला होता.

दुसऱ्या डावाआधी मुलांनी दहा मिनिटं मागून घेतली. कोण कोणाच्या दारी जाणार, कोणत्या रस्त्याने आधी कोण निघणार, हे त्यांनी आपापसांत ठरवलं. पहिल्याच फेरीत एक मुलगी त्याच्यापाशी गेली. ‘‘आजोबा, औषधं कुठे ठेवलीत?’’ हे मी कुठल्याच चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं.

या डावात जाळरेषा अर्धीच झाली आणि आधीपेक्षा दोन घरं जास्त जळली. पण माणसं सगळी बाहेर पडली होती.

‘‘बाई, मग आपण हरलो का?’’

मी गुणांचा तक्ता पाहिला. त्यात फक्त जळालेल्या घरांचा रकाना होता. मी खडू त्या मुलीच्या हातात दिला आणि नवा रकाना तिला आखायला सांगितला.