स्व्यातोस्लावची भिकबाळी आणि चार आठवडे खाणारा सदरा

कीवचा राजा स्व्यातोस्लाव होडीतून येतोय, असा एक छोटा मूर्तींचा देखावा मी बनवतोय. मागच्या नोंदीत होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, कोरून झाली, इथवर येऊन थांबलो होतो. त्याला सात आठवडे झाले. त्यातले चार एका सदऱ्याने खाल्ले, ते पुढे सांगतोच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी प्रसंग थोडक्यात सांगतो. जुलै ९७१. डॅन्यूबचा काठ, आजच्या बल्गेरियातलं सिलिस्ट्रा, तेव्हाचं डोरोस्टोलॉन. तीन महिन्यांचा वेढा संपलाय आणि स्व्यातोस्लाव तह ठरवून बायझंटाइन सम्राट जॉन त्झिमिस्केसला भेटायला येतोय. सम्राट काठावर घोड्यावर, अंगात सोन्याचा मुलामा दिलेलं चिलखत, मागे तसेच झळझळणारे स्वार. आणि हा येतो होडीतून, बाकीच्यांबरोबर स्वतः वल्हं मारत. फळीवर बसल्या बसल्या तहाचं थोडंसं बोलतो आणि निघून जातो. त्या काळातल्या लिओ डीकन या ग्रीक इतिहासकाराने ही भेट लिहून ठेवली आहे. सम्राटाला मी देखाव्यातून साफ गाळलंय. एवढं सोनं रंगवण्याचा माझा आवाका नाही, आणि खरं सांगायचं तर माझा जीव होडीतच अडकलाय.

लिओने राजाचं वर्णन असं केलंय, की मूर्तीकाराने यादी करून समोर लावावी. मध्यम उंची, दाट भुवया, फिकट निळे डोळे, बसकं नाक. ओठावर भरघोस लांब मिशा. डोकं पूर्ण भादरलेलं, फक्त एका बाजूला लोंबणारी केसांची बट, ती उच्च कुळाची खूण. जाड मान, रुंद छाती, मुद्रा उग्र. एका कानात सोन्याची बाळी, तिच्यात दोन मोती आणि मधे लाल खडा. कपडे पांढरे, सोबत्यांसारखेच, फक्त त्यांच्यापेक्षा स्वच्छ.

दोन मोती, मधे लाल खडा! हे मी आईला वाचून दाखवलं तर ती कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, "अरे, मग भिकबाळीच की ती." तेव्हापासून आमच्या घरात या राजाचं नाव 'भिकबाळीवाले' पडलंय. साम्य गंमतीचं आहे, संबंध काहीही नाही, आणि म्हणूनच हात आवरावा लागला. आपली भिकबाळी कानाच्या वरच्या बाजूला असते. लिओ फक्त 'एका कानात' म्हणतो, तेव्हा मी ती पाळीतच अडकवली. बटीचंही तेच. पहिल्यांदा नकळत टाळूवर बसवली आणि नदीवर संध्या करायला निघालेले कोणी शास्त्रीबुवा तयार झाले. खरवडून काढली आणि डावीकडे कानामागे सोडली. पुढे अनेक शतकांनी युक्रेनचे कोसॅक अशीच बट ठेवायचे, त्यांच्या चित्रांवरून ती कशी पडते याचा अंदाज आला.

बाळीची कृती, कारण दोघातिघांनी विचारली होती. बिघडलेल्या चार्जरच्या वायरमधला तांब्याचा एकच तंतू घेतला, शिवणाच्या सुईवर एक वेढा दिला आणि कापला. मोत्यांसाठी पांढऱ्या गोंदाचे दोन ठिपके सुईच्या टोकाने ठेवले. सुकल्यावर मोतिया रंगाचा हात. मधला खडा म्हणजे पारदर्शक लाल रंगाचा एक थेंब. एकास चोवीस मापात अख्खी बाळी मिलिमीटरभरही होत नाही. पहिल्या तीन चिमट्यातून उडाल्या, चौथी टिकली.

आता मूळ किटबद्दल. बाजारातून आणलेलं रेझिनचं किट होतं उभ्या राजाचं. साखळ्यांचं चिलखत, खांद्यावर अस्वलाचं कातडं, छातीवर रुळणारी दाढी आणि पन्नाशीचा चेहरा. त्यातलं डोकं आणि हात घेतले, बाकी डब्यात. धड आणि पाय तारेच्या सांगाड्यावर एम-सीलने बसते केले. दाढीचा वाद जुनाच आहे. लिओच्या शब्दाचा अर्थ कोणी 'विरळ दाढी' लावतात, कोणी 'दाढी काढलेली'. मी तासून टाकली आणि हनुवटीवर निळसर करड्याचं अगदी पातळ अस्तर दिलं, दोन दिवसांच्या खुंटांसारखं. कपाळावरच्या सुरकुत्याही घासल्या. बापाला, इगोरला, द्रेव्लियान लोकांनी मारलं ९४५ मध्ये, आणि त्याच्या पुढच्या वर्षीच्या लढाईत हा इतका लहान होता की बखरीप्रमाणे त्याने फेकलेला भाला घोड्याच्या दोन कानांमधून गेला आणि त्याच घोड्याच्या पायाशी पडला. त्यावर सरदार म्हणाले, राजाने सुरुवात केलीय, चला! म्हणजे डोरोस्टोलॉनला हा फार तर तिशीचा. एवढ्या वयात खझार लोकांचा सार्केल हा किल्ला घेऊन झाला होता, बल्गेरियात दोनदा उतरून झालं होतं.

बखर म्हणतोय ते कीवमध्ये बाराव्या शतकाच्या सुरुवातीला रचलेल्या इतिवृत्ताला. आपल्याला बखरी कशा वाचायच्या ते ठाऊक आहे, तशीच हीही वाचावी. ती म्हणते, हा चित्त्यासारखा हलका चालायचा. सोबत गाड्या नाहीत, भांडी नाहीत, मांसाचे पातळ काप निखाऱ्यावर भाजून खायचे. तंबू नाही, घोड्याची झूल अंथरायची आणि खोगीर उशाला. शत्रूला आधी निरोप धाडायचा, 'तुमच्यावर येतोय.' सम्राटाने सोनं आणि रेशीम पाठवलं तर त्याने तिकडे पाहिलंही नाही, तलवार पाठवली तर हातात घेऊन कुरवाळली. ऐकायला झकास. पण याच बखरीत तो आईला सांगतो की मला कीवमध्ये करमत नाही, डॅन्यूबवरच्या पेरेयास्लावेत्सला राहायचंय, कारण तिथे ग्रीकांकडून सोनं, रेशीम, दारू, फळं येतात, चेक आणि हंगेरियनांकडून चांदी आणि घोडे. रेशमाकडे ढुंकून न पाहणाऱ्या माणसाला बाजारपेठ बरोबर कळत होती! मला हा दुसरा जास्त खरा वाटतो.

आणि आता सदरा. पांढरा रंगवणं अवघड हे आपण सगळे जाणतो, पण 'इतरांपेक्षा स्वच्छ' कसं रंगवायचं? पहिल्या खेपेला सावल्यांना निळसर छटा दिली. झालं, नीळ-खळ करून कडक इस्त्रीत निघालेला पुढारी. पुसला. दुसऱ्यांदा पिवळट सावली धरली, तर सदरा मळका दिसायला लागला आणि लिओचं वाक्यच खोटं पडलं. तिसऱ्यांदा कोऱ्या मांजरपाटाचा रंग पायाला घेतला, त्यात थंड करडा मिसळून घड्या भरल्या, आणि निव्वळ पांढरा फक्त खांद्याला आणि गुडघ्यांच्या टोकांना. बरा झाला. तरी नुसता टेबलावर ठेवला की तो स्वच्छ दिसेना, नुसता पांढरा दिसे.

मग ट्यूब पेटली. स्वच्छपणा त्याच्या सदऱ्यात नाहीच, बाजूच्यांच्या सदऱ्यात आहे. मूळ बेतात एकच वल्हेकरी होता, आता तीन केले. लिओच्या आकड्यांवर जायचं तर साठ हजारांतले बावीस हजार उरले होते, आणि तहात माणशी दोन मापं धान्य ठरलं. बखर तर म्हणते मुळात सैन्यच दहा हजारांचं होतं. आकडे कुठलेही घ्या, होडीतली माणसं वेढ्यातून उठून आलेली भुकेली माणसं आहेत. गाल आत घेतले, एकाच्या दंडाला पट्टी बांधली, तिघांचे सदरे त्याच पांढऱ्यापासून सुरू करून घामाच्या, चिखलाच्या, वाळलेल्या रक्ताच्या पातळ थरांनी उतरवत नेले. चौघे एका फळीच्या अंतरात बसवले आणि राजा आपोआप उजळला. त्याच्या सदऱ्याला मी त्यानंतर ब्रशही लावला नाही.

इथे एक शहाणपणा नडला. आषाढात, बाहेर झड लागलेली असताना, गॅलरीत मॅट वार्निश फवारलं. दमट हवेने त्यावर पांढरी भुकटी धरली. सदऱ्यांवर कळलंच नाही, कळलं ते राजाच्या पट्ट्यावर आणि वल्ह्यांवर. ग्लॉसचा एक पातळ हात दिला तेव्हा बरंचसं परत आलं. एका वल्ह्यावर थोडं राहिलंय, त्याला मी आता वाळलेला नदीचा गाळ म्हणतो.

कवटीचं करणार का, हे मात्र प्रत्येक जण विचारतो. ९७२ मध्ये परतताना द्नीपर नदीच्या धबधब्यांपाशी पेचेनेग या भटक्या लोकांचा सरदार कुर्या याने त्याला मारलं आणि कवटी मढवून तिचा पेला केला, असं बखर सांगते. त्याचा सरदार स्वेनेल्द याने त्याला आधीच बजावलं होतं, धबधबे टाळून घोड्यावरून वळसा घालू. त्याने ऐकलं नाही. होड्या खांद्यावर घेऊन काठाने चालावं लागायचं अशी ती जागा, म्हणजे दबा धरून बसणाऱ्याला आयतीच. पुढे द्नीपरवरच्या मोठ्या धरणाने ते धबधबे पाण्याखाली गेले, आणि बांधकामाच्या वेळी नदीच्या तळातून दहाव्या शतकातल्या तलवारी निघाल्या. पेला करणार नाही. आठ मिलिमीटरची कवटी सहज जमेल, पण ती शेजारी ठेवली की होडीकडे कोण बघणार?

राहिलंय ते पाणी. त्यासाठीचं पारदर्शक इपॉक्सी दिवाळीच्या सुमारास, हवा कोरडी झाल्यावरच ओतेन. डॅन्यूब निळी करायची नाही हे ठरलंय, उन्हाळ्यातलं हिरवट गढूळ पाणी हवं. आणि वल्हं. बोलत असताना ते त्याच्या हातात असेल की गुडघ्यांवर आडवं, हे लिओने लिहिलेलं नाही. सध्या मी ते आडवं ठेवलंय आणि तळहात वर वळवून बोटांच्या मुळाशी लालसर रंगाचे चार ठिपके दिलेत. चिकटवलेलं नाही अजून.