मॉइलच्या समुद्रातलं गाणं

लिर राजाच्या मुलांची गोष्ट आयर्लंडमध्ये पोरासोरांनाही ठाऊक असते. सावत्र आई ईफा चार भावंडांना शाप देऊन हंस करते. ३०० वर्षं डेरावारा सरोवरावर, ३०० वर्षं आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या मॉइलच्या समुद्रात आणि ३०० वर्षं पश्चिमेकडच्या इनिशग्लोरा बेटापाशी काढायची, असा तो शाप. रूप गेलं तरी माणसाची वाणी त्यांच्याकडे राहते, आणि ती गातात. या गोष्टीच्या धाग्यात जुनी पारंपरिक गाणी आणि धुना ओवून एक अल्बम करायचं ठरलं होतं. ध्वनिमुद्रणाचं काम माझ्याकडे होतं. स्टुडिओ गॉलवेजवळ, वादक सगळे आसपासचेच.

त्या दिवशीची सकाळ इलियन पाइप्सच्या, म्हणजे आयरिश बॅगपाइपच्या, स्वर देणाऱ्या पत्तीत गेली. हे वाद्य तोंडाने फुंकत नाहीत. उजव्या कोपराखालच्या भात्याने डाव्या काखेतल्या पिशवीत हवा भरतात. श्वासातला ओलावा आत जात नाही, त्यामुळे पत्ती कोरडी राहते आणि खोलीतल्या हवेचा बदल तिला लगेच बाधतो. हीटर चालू होता, स्वर हलायला लागला. हीटर बंद केला, सगळ्यांनी स्वेटर चढवले आणि पत्ती ताळ्यावर यायची वाट पाहत बसलो. नंतर तीन ड्रोन, म्हणजे सतत एकच स्वर धरून ठेवणाऱ्या नळ्या, एकाच स्वरात, वेगवेगळ्या सप्तकांत लागले, तेव्हा मला साहजिकच तानपुऱ्याची आठवण झाली. षड्ज असा भरून राहिला की माझ्यासारख्या माणसाला परदेश परका वाटत नाही.

दुपारी शॅन-नोस गाणाऱ्या आजी आल्या. कॉनेमाराच्या गेलिक बोलणाऱ्या भागातल्या, वय सत्तरीपुढचं. त्यांची शेजारीण त्यांना गाडीने घेऊन आली होती. शॅन-नोस म्हणजे साथीशिवाय, एकट्या गळ्याने गायचं गाणं. ठेका नाही, ओळ शब्दांच्या आणि श्वासाच्या चालीने पुढे सरकते, आणि अलंकार प्रत्येक कडव्यात नव्याने येतात. निर्मात्याला मागाहून पाइप्स जोडायचे होते, म्हणून त्याने हेडफोनमध्ये क्लिक, म्हणजे लय धरायला ठरावीक अंतराने वाजणारी टिकटिक, द्यायला सांगितलं. मी ठाम नकार दिला. असं गाणं क्लिकवर बसवलं की त्याचा जीवच जातो, आणि पाइप्सवाल्याचंही तेच मत होतं.

क्लिक नव्हता, तरी गाणं उभं राहीना. मॉइलच्या भागासाठी निवडलेला तो विलाप होता. आजींचा सूर पक्का, शब्द स्वच्छ, पण बूथमधून येत होतं ते नुसतं पाठ म्हटल्यासारखं. दोन-तीन टेक झाले. मग त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि विचारलं, "मी गातेय कुणासाठी? इथे समोर नुसती भिंत आहे."

त्या भागात गाणारा रंगात आला की जवळ बसलेला माणूस त्याचा हात हातात घेतो आणि गाण्याच्या चालीने हळूहळू फिरवत राहतो. मी हे घरगुती बैठकांमध्ये पाहिलं होतं. शेजारीणबाई बाहेर चहा पीत बसल्या होत्या. त्यांना आत बोलावलं, सळसळणारं रेनकोटाचं जाकीट काढायला लावलं, दोन लाकडी खुर्च्या बूथबाहेर मोठ्या खोलीत शेजारी शेजारी मांडल्या. माइक थोडा लांब नेला, म्हणजे आजींना डोकं हलवता येईल. पाइप्सवालाही समोर येऊन बसला. शेजारणीने हात धरला आणि आजींनी डोळे मिटले.

पहिल्याच ओळीला मी काचेमागे सरळ होऊन बसलो. आवाज मोठा झाला नव्हता, उलट थोडा खालीच आला होता. पण प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या जी थांबत होत्या, ती जागा आता रिकामी नव्हती. एका ठिकाणी पाइप्सवाल्याच्या तोंडून दाद निघून गेली. शेवटची ओळ आजींनी गायली नाही, साध्या बोलण्याच्या सुरात म्हणून टाकली. शॅन-नोसमध्ये गाणं असं खाली ठेवण्याची रीतच आहे. निर्माता म्हणाला, तेवढी ओळ पुन्हा घेऊ. मी म्हटलं, ती राहील, दादही राहील, आणि खुर्ची करकरली आहे तीसुद्धा.

गोष्टीत डेरावाराच्या काठावर हंसांचं गाणं ऐकायला माणसं जमतात. मॉइलच्या वादळात मात्र कुणी नसतं. थोरली फिनूला तीन भावांना पंखांखाली घेते, एवढाच काय तो आधार. त्या एकटेपणाचं गाणं आजींना एकटीने म्हणता येत नव्हतं, हे मला फार खरं वाटलं. निर्मात्यालाही ते पटलं असावं. या गाण्याखाली घालायला त्याने लाटांचा आणि वाऱ्याचा आवाज आणला होता. टेक ऐकून झाल्यावर त्याने तो ट्रॅक स्वतःच काढून टाकला. पाइप्सही जोडले नाहीत.

त्याऐवजी पाइप्सवाल्याने त्याच विलापाची धून लगेच वेगळी वाजवली, शब्द मनात धरून, आजी जिथे थांबल्या तिथेच थांबत. अल्बममध्ये ती गाण्यानंतर येते. आजींनी दोन्ही एकदा ऐकलं, पाइप्सवाल्याला दुसऱ्या कडव्यातली एक जागा गाऊन दाखवली, आणि त्याने ती धून पुन्हा वाजवली. अल्बममध्ये आहे ती ही दुसरी.