स्प्रिंगा बदलल्या की ट्यूनिंगही बदलायचं का?

आज जळगावला मित्राच्या गॅरेजमध्ये एका टर्बो पेट्रोल गाडीचं हेड (इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) खोललेलं होतं. धुळ्याचा मालक विचारत होता, "भाऊ, कडक व्हॉल्व्ह स्प्रिंगा टाकल्या तर ट्यूनिंग नव्यानं करावं लागेल का?"

नुसत्या स्प्रिंगा आणि रिटेनर (स्प्रिंग धरून ठेवणारी टोपी) असतील तर नाही. हवा तेवढीच जाते, फक्त जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह त्याला उघडणाऱ्या कॅमची साथ सोडत नाही. रेव्ह लिमिट (आरपीएमची कमाल मर्यादा) वाढवायची असेल तर मात्र ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, हात लावावाच लागतो.

कॅमशाफ्ट बदलला की गोष्टच वेगळी! व्हॉल्व्ह किती उघडतो (लिफ्ट), किती वेळ उघडा राहतो (ड्युरेशन), इनटेक-एक्झॉस्ट दोन्ही किती वेळ एकत्र उघडे राहतात (ओव्हरलॅप) सगळं बदलतं, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) व्हॅक्यूम कमी होतो. मॅप सेन्सरवरून, म्हणजे इनटेकमधल्या दाबावरून, हवेचा अंदाज बांधणारा ईसीयू तिथं फसतो आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण बिघडतं. मॅफ सेन्सरची (आत जाणारी हवा थेट मोजणारी) गाडी थोडंफार सांभाळून घेते, पण इग्निशन टायमिंग जुन्या कॅमचंच राहतं. त्यात आपल्या खान्देशातला मे महिना, पारा ४५ च्या आसपास. तापलेल्या हवेत नॉकिंग (मिश्रण आपोआप अवेळी पेटणं) लवकर सुरू होतं. अशी गाडी ट्यून न करता मुंबई-आग्रा हायवेला ताणू नका रे पोरांनो, पिस्टन जातो.

त्यानं सध्या स्प्रिंगाच टाकायचं ठरवलं. बसवताना प्रत्येक स्प्रिंगची उंची मोजून घे, एवढं मी बजावून सांगितलंय.