तुम्ही विचारलंत म्हणून: युरेनियमची तूट कशी धरतात?

बातम्यांत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे तपासनीस दिसले, की दुसऱ्या दिवशी रंकाळ्यावर कुणीतरी थांबवतंच. "सर, ते युरेनियम मोजतात म्हणजे काय करतात हो? थोडं कुणी बाजूला काढलं तर कळतं?" मी भौतिकशास्त्र शिकवतो, पण उत्तराला सुरुवात कोल्हापूरच्या गुजरीतूनच, आमच्या सराफ बाजारातूनच करतो.

वडील तिथं सोन्याचं काम करायचे. मागची शिल्लक, आलेलं सोनं, दिलेले दागिने, हातातला माल, असा हिशेब मांडला तरी तो तंतोतंत कधी जुळला नाही. आटणीत घट यायची, कानशीचा कीस उडायचा. तूट असायचीच, ती नेहमीपेक्षा जास्त दिसली की मात्र वडिलांना झोप लागत नसे.

समृद्धीकरण कारखान्यातही, म्हणजे युरेनियममधला अणुभट्टीला उपयोगी भाग (युरेनियम-२३५) वाढवतात तिथंही, हीच वजाबाकी आहे. तिथला माल म्हणजे युरेनियम हेक्साफ्लोराइड, पोलादी सिलिंडरांत भरलेलं. मोठ्यात साडेबारा टनांपर्यंत माल मावतो, तयार मालाच्या छोट्यात सव्वादोन टन. 'रिकाम्या' सिलिंडरच्या तळाशीही थोडा माल चिकटलेला असतो, तोही धरावा लागतो. आणि नुसत्या वजनावर भागत नाही, सोन्यासारखा टंच, म्हणजे युरेनियम-२३५ किती टक्के ते, काढावा लागतो! निसर्गातल्या युरेनियममध्ये युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के, बहुतेक अणुभट्ट्यांना ३ ते ५ टक्के लागतं. त्याच्या गॅमा किरणांवरून सिलिंडर न उघडता टंच कळतो, पण तो भिंतीलगतच्या थराचा. म्हणून काही नमुने व्हिएन्नाजवळच्या सायबर्सडॉर्फच्या प्रयोगशाळेत जातात.

२० टक्के किंवा त्याहून जास्त समृद्ध मालात २५ किलो युरेनियम-२३५ गायब झालं, तर त्यातून बॉम्बची शक्यता नाकारता येत नाही, असं संस्था मानते. कमी समृद्ध मालासाठी हा आकडा ७५ किलो. मोठ्या कारखान्यात मोजमापातली बारीक चूकसुद्धा वर्षभरात साठून तिथपर्यंत जाऊ शकते. ही गोष्ट मला खरोखर अस्वस्थ करते. म्हणूनच काट्याच्या जोडीला सीलं आणि कॅमेरे असतात, सेंट्रिफ्यूजच्या, म्हणजे समृद्धीकरण करणाऱ्या यंत्रांच्या, दालनात न कळवता जाण्याची मुभाही असते.

आणि धूळ. तपासनीस सुती फडक्यानं यंत्रं, भिंती पुसून घेतात. केसाहून बारीक कणाचाही टंच काढता येतो, आणि सांगितल्यापेक्षा जास्त समृद्ध माल तिथं झाला असेल तर तो कण ते सांगतो. काही ग्रॅमची चोरी काट्याला कळणार नाही, हे मी विचारणाऱ्याला स्पष्ट सांगतो. पण गुजरीतली झाडलोट धुऊन सोनं काढणारे झारेकरी ज्यांनी पाहिलेत, त्यांना धुळीचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही.