निळं बॅरल

रविवार, रात्री साडेदहा

दुपारी नणंदबाईंनी व्हिडिओ कॉलवर पुण्यातला नवा फ्लॅट दाखवला. ट्रॉल्या, चिमणी, आवाज न करता आपोआप मिटणारे ड्रॉवर. "छानच झालंय ताई" म्हणाले, पण फोन ठेवला आणि आमच्या कडप्प्याच्या ओट्याकडे बघून तोंड वाकडं झालंच. नंतर तास-दीड तास उगाचच भांडी आदळत होते.

रात्री कढई घासताना नळ जरा जास्तच सुटला आणि हात आपोआप तो बारीक करायला गेला. ही सवय २०१६ची. त्या उन्हाळ्यात मांजरा धरणाने तळ गाठला आणि आमच्या लातूरचे नळ कोरडे पडले. पाण्यावरून मारामाऱ्या नकोत म्हणून पाणवठ्यांवर १४४ कलम लागलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली. सांगलीकडची कृष्णा लातुरात आली म्हणून आमच्या सासूबाईंनी त्या पाण्याला हळदकुंकू वाहिलं होतं.

टँकरचं पाणी यायचं ते आठवड्या-दहा दिवसांनी, दर घराला एक बॅरल. पाइपचं तोंड आत खुपसून त्यावर हात दाबून धरायचा, थेंब बाहेर उडता कामा नये. आंघोळ घमेल्यात बसून, तेच पाणी संडासाला. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी फरशीला. घासायची भांडी कमी व्हावीत म्हणून पत्रावळीवर जेवायचो. पाहुणा आला की "पाणी देऊ का?" विचारायच्या आधी मनात हिशेब. त्याची लाज अजून वाटते.

आज त्याच हातांनी मी वाहत्या नळाखाली कढई घासत होते आणि ट्रॉल्यांसाठी झुरत होते!

रोज सकाळी वहीत पाच चांगल्या गोष्टी लिहा म्हणतात, ते मला जमत नाही. तिसऱ्या दिवशी थापा सुरू होतात. आणि "आहे त्यात समाधान मान" हे वाक्य तर मला आवडतच नाही. सुनांना गप्प बसवायला ते फार वापरून झालंय. तेव्हा लातूरकर तसेच समाधान मानून बसले असते, तर रेल्वे आली असती का? ओटा आहे तसा चालेल मला, मनापासून. पाण्याच्या बाबतीत मात्र मी समाधानी वगैरे होणार नाही. नळाला उशीर झाला की पहिला फोन माझाच असतो.

गॅलरीतलं ते निळं बॅरल भंगारात द्यायचं ह्यांच्या डोक्यात आहे, उन्हाने तडकलंय म्हणे. जेवताना विषय निघाला तर सासूबाई ताटावरून मान वर न करता म्हणाल्या, "आधी मांजरा भरू दे, मग इक तुझं बॅरल."